कार्डावर इन्शुरन्स आहे ना, मग वेगळा कशाला? पहिल्यांदा परदेशात निघालेल्यांसाठी

पहिल्यांदा परदेशात निघालेल्या माणसाला कुणी विचारलं की इन्शुरन्स काढलास का, तर एक उत्तर हमखास येतं, "कार्डावर एक कोटीचा आहे ना, बँकवाल्याने सांगितलंय." आणि तो एक कोटीचा आकडा खरा पण असतो, कार्डाच्या माहितीपत्रकावर छापलेला असतो. पण तो एक कोटी कधी मिळतो ते वाचलंय का? बहुतेक भारतीय कार्डांवर तो विमान अपघातात मृत्यू झाला तर मिळतो, म्हणजे तुम्हाला नाही, तुमच्या नॉमिनीला. आणि परदेशात माणसाला होतं काय तर बाथरूममध्ये पाय घसरून खुबा मोडतो, छातीत दुखायला लागतं, पोट बिघडून सलाईन लावावं लागतं, स्कूटरवरून पडून मनगट मोडतं. या सगळ्यात माणूस जिवंत असतो, हॉस्पिटलमध्ये असतो आणि बिल चालू असतं. हे बिल कोण भरणार, एवढाच प्रश्न घेऊन हा लेख वाचा. बॅग हरवणं, फ्लाइट लेट होणं वगैरे सगळं दुय्यम आहे, त्याने ट्रिप खराब होते पण घरची आयुष्यभराची शिल्लक जात नाही.

आता एकेक करून कसं करायचं ते सांगतो.

पायरी १: कार्डावर नेमकं काय आहे ते आधी बाहेर काढा

बँकेच्या साइटवर कार्डाचं पान उघडा आणि "कॉम्प्लिमेंटरी इन्शुरन्स" असं काहीतरी असेल त्याच्या खालची बारीक अक्षरातली अटींची लिंक शोधा. वरच्या रंगीत चौकोनात आकडे असतात, अटी खाली असतात. एक गोष्ट आधीच लक्षात घ्या, बँक स्वतः विमा देत नाही, तिने कुठल्यातरी विमा कंपनीकडून सगळ्या कार्डधारकांसाठी एक ग्रुप पॉलिसी घेतलेली असते, ती ठरावीक मुदतीची असते आणि पुढच्या वर्षी बँक ती बदलू शकते, कमी करू शकते, बंदही करू शकते. म्हणून मित्राने दोन वर्षांपूर्वी सांगितलेलं आज धरून चालू नका.

मग कस्टमर केअरला फोन करून (किंवा ईमेल, ईमेल जास्त चांगला कारण उत्तर लेखी येतं) हे विचारा: परदेशात हॉस्पिटलमध्ये भरती झालो तर खर्चाचं कव्हर आहे का आणि किती रुपयांचं? तिकीट याच कार्डावर काढलेलं असायला लागतं का, पूर्ण रक्कम की थोडी चालते? गेल्या काही महिन्यांत कार्ड वापरलेलं असायला हवं अशी अट आहे का? बायको, मुलं, आईवडील यात येतात का की फक्त मी? आधीपासूनचे आजार धरतात का? वयाची मर्यादा काय? हॉस्पिटलने फोन करायचा तर कुठल्या नंबरवर? आणि सगळ्यात महत्त्वाचं, माझ्या नावाचं, तारखा असलेलं, रक्कम लिहिलेलं सर्टिफिकेट मिळेल का?

या प्रश्नांवर बरीचशी कार्डं गळतात. काही महागड्या कार्डांवर परदेशी हॉस्पिटलचं कव्हर असतं, नाही असं नाही, पण ते रुपयांत असतं, काही लाखांत असतं आणि बरेचदा आधी तुम्ही भरा मग आम्ही देतो अशा पद्धतीचं असतं. रुपयातले दहा लाख म्हणजे डॉलरमध्ये साधारण अकरा-बारा हजार होतात, अमेरिकेत ऑपरेशन करून काही दिवस ॲडमिट राहिलात तर तेवढ्यात भागत नाही.

अजून एक गैरसमज. मुलाने किंवा मुलीने आपल्या कार्डावर आईबाबांचं तिकीट काढलं म्हणजे आईबाबांना पण कव्हर मिळालं असं बरेच जण समजतात. आपल्याकडच्या बहुतेक कार्डांत कव्हर कार्डधारकाला असतं, तिकीट कुणी काढलं आणि प्रवास कोण करतंय या वेगळ्या गोष्टी आहेत. अमेरिकेत राहणाऱ्या मुलामुलींच्या तिकडच्या कार्डांवर ट्रिप कॅन्सल झाल्याचं, भाड्याच्या गाडीचं कव्हर चांगलं असतं, पण हॉस्पिटलच्या खर्चाचं बऱ्याच कार्डांत नसतंच किंवा नाममात्र असतं, त्यामुळे "माझं कार्ड प्रीमियम आहे, बाबांचं बघतो मी" असं म्हणणाऱ्या मुलालाही हेच प्रश्न विचारायला लावा.

कार्ड निरुपयोगी आहे असं मला अजिबात म्हणायचं नाही. हॉस्पिटलने डिपॉझिट मागितलं तर कार्डाचं लिमिटच कामाला येतं. एअरलाइनच बंद पडली तर (गो फर्स्टने ३ मे २०२३ पासून उड्डाणं थांबवली तेव्हा कितीतरी लोकांची तिकिटं अडकली) ट्रॅव्हल इन्शुरन्समध्ये एअरलाइन दिवाळखोरीत जाणं बरेचदा वगळलेलं असतं, तिथे कार्डावरून चार्जबॅक (म्हणजे भरलेले पैसे बँकेमार्फत परत) मागता येतो. म्हणून तिकीट कार्डावर काढाच. फक्त कार्ड हे पैसे भरायचं साधन आहे, हॉस्पिटलचा इन्शुरन्स ही वेगळी वस्तू आहे. आणि हो, २०२० पासून नवीन कार्डांवर परदेशातले व्यवहार बंदच ठेवलेले असतात, ते ॲपमध्ये जाऊन चालू करून घ्या, नाहीतर तिकडे काउंटरवर कार्ड चालणार नाही.

घरचा मेडिक्लेम पण इथे धरू नका. बहुतेक मेडिक्लेम पॉलिसी भारताच्या हद्दीतच चालतात, जागतिक कव्हर वेगळं घेतलं असेल तरच बाहेर चालतात, पॉलिसीत बघून घ्या.

पायरी २: कुठे जाताय त्यावर रक्कम ठरवा

इथे लोक उलटं करतात, आधी स्वस्त प्रीमियम बघतात आणि मग रक्कम. आधी देश बघा.

युरोप, म्हणजे शेंगेन व्हिसाचे देश (एकाच व्हिसावर फिरता येतं ते): इथे निवडीचा प्रश्नच नाही, इन्शुरन्स नसेल तर व्हिसाच मिळत नाही. किमान ३०,००० युरोचं कव्हर हवं, ते सगळ्या शेंगेन देशांत चाललं पाहिजे (रोमानिया आणि बल्गेरिया १ जानेवारी २०२५ पासून पूर्णपणे आत आल्यावर आता २९ देश झाले), राहण्याच्या सगळ्या दिवसांसाठी हवं आणि त्यात तातडीचे उपचार, हॉस्पिटल, आजारपणामुळे मायदेशी परत आणण्याचा खर्च आणि मृत्यू झाल्यास त्याचा खर्च हे सगळं लिहिलेलं हवं. कार्डाचं माहितीपत्रक तिथे दाखवून चालत नाही, तुमच्या नावाचं आणि तारखांचं सर्टिफिकेट लागतं. पण ३०,००० ही व्हिसासाठीची किमान रक्कम आहे, पुरेशी रक्कम आहे असं कुणी म्हटलेलं नाही. प्रीमियममध्ये फरक फार नसतो, मी नेहमी लोकांना एक लाख डॉलरचा किंवा युरोचा प्लॅन घ्यायला सांगतो. तारखा टाकताना परतीच्या तारखेनंतर दोन-तीन दिवस जास्त टाका, फ्लाइट रद्द झाली तर ते दिवस उघडे पडायला नकोत.

अमेरिका: इथे व्हिसाला इन्शुरन्स लागत नाही, म्हणून लोक टाळतात, आणि जिथे सगळ्यात जास्त गरज तिथेच टाळलं जातं. १९८६ च्या एका कायद्यामुळे तिकडच्या इमर्जन्सी विभागाला पैसे आहेत की नाही न बघता रुग्णाला तपासावं लागतं आणि तब्येत स्थिर करावी लागते, हे चांगलंच आहे, पण म्हणजे फुकट नाही, बिल नंतर घरी येतंच. तेही एक येत नाही, ॲम्ब्युलन्सचं वेगळं, हॉस्पिटलचं वेगळं, डॉक्टरचं वेगळं, एक्स-रे वाचणाऱ्याचं वेगळं. इथे अडीच लाख डॉलरच्या खाली जाऊ नका, जमलं तर पाच लाख घ्या. ५०,००० डॉलर ऐकायला खूप वाटतात पण हार्ट ॲटॅक आणि आयसीयू असं काही झालं तर कमी पडतात.

इंग्लंड: "तिकडे एनएचएस (सरकारी आरोग्यसेवा) फुकट आहे" हे अर्धं खरं आहे. ॲक्सिडेंट अँड इमर्जन्सी विभागात बघून घरी पाठवलं तर पैसे लागत नाहीत, पण तिथून आत वॉर्डात भरती केलं की व्हिजिटर व्हिसावाल्याला एनएचएसच्या दराच्या १५० टक्के आकारतात. आणि ५०० पाउंड किंवा जास्तीची थकबाकी राहिली तर पुढच्या व्हिसाला अडचण येऊ शकते, म्हणजे मुलीकडे पुढच्या वेळी जायचंच अवघड.

कॅनडा: मुलाकडे सुपर व्हिसावर (आईवडिलांसाठीचा लांब मुक्कामाचा व्हिसा) जाणाऱ्या आईवडिलांना किमान १,००,००० कॅनेडियन डॉलरचा, निदान एक वर्षाचा मेडिकल इन्शुरन्स लागतो. आधी तो कॅनडातल्याच कंपनीचा लागायचा, २८ जानेवारी २०२५ पासून बाहेरच्या कंपनीचा पण चालतो, पण ती कंपनी कॅनडाच्या नियामकाने मान्यता दिलेली हवी, आपल्या कोपऱ्यावरच्या एजंटची कुठलीही पॉलिसी चालेल असं नाही.

थायलंड, बाली, व्हिएतनाम: ५०,००० डॉलर इथे बहुधा पुरतात, पण इथला खरा धोका वेगळा आहे, स्कूटर. आपल्याकडे फक्त चारचाकीचं लायसन्स, इंटरनॅशनल परमिट काढलेलं नाही, आणि फुकेतला उतरल्या उतरल्या स्कूटर भाड्याने. पडलात तर कंपनी पहिली गोष्ट लायसन्स मागते, त्या वाहनाचं वैध लायसन्स नसेल किंवा हेल्मेट नसेल तर क्लेम नाकारायला त्यांना कारण मिळतं. रात्री बिअर घेऊन चालवली असेल तर विषयच संपला. आणि तिकडची खाजगी हॉस्पिटलं भरती करण्याआधी डिपॉझिट किंवा इन्शुरन्स कंपनीचं हमीपत्र मागतात, ते हमीपत्र कार्डाच्या आधी-भरा-मग-घ्या कव्हरवर मिळत नाही, हा फरक तिथे लगेच कळतो.

नेपाळ: पासपोर्टला शिक्का नाही, व्हिसा नाही, म्हणून आपल्याकडच्या ट्रेकिंगच्या ग्रुपमध्ये नेपाळ परदेश वाटतच नाही. पण मेडिक्लेमसाठी तो परदेशच आहे. आणि साध्या ट्रॅव्हल पॉलिसीत ट्रेकिंग वगळलेलं असतं किंवा ठरावीक उंचीपर्यंतच असतं. एव्हरेस्ट बेस कॅम्प ५,३६४ मीटर, अन्नपूर्णा बेस कॅम्प ४,१३० मीटर, तेव्हा पॉलिसीत उंचीचा आकडा शोधा, तो तुमच्या ट्रेकच्या सगळ्यात उंच ठिकाणापेक्षा जास्त हवा, आणि हेलिकॉप्टरने खाली आणण्याचा खर्च स्पष्ट लिहिलेला हवा. हेलिकॉप्टर बोलवायच्या आधी कंपनीला फोन करून मंजुरी घ्यावी लागते. नेपाळमध्ये खोट्या रेस्क्यूची बिलं लावण्याचा मोठा प्रकार २०१८ मध्ये उघडकीला आला, तेव्हापासून कंपन्या याबाबत फार कडक आहेत, त्यामुळे गाइड म्हणाला "मी बघतो, तुम्ही बसा" तरी तुमच्या ग्रुपमधल्या एकाने फोन करायचाच. सह्याद्रीत कितीही गड केले असले तरी विरळ हवेचा त्रास कुणाला होईल ते सांगता येत नाही, त्याचा फिटनेसशी फार संबंध नाही.

पायरी ३: आईबाबांची पॉलिसी, इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

मुलीच्या बाळंतपणाला सहा महिने अमेरिकेला जाणारे आईबाबा हे आपल्याकडचं अगदी नेहमीचं चित्र. वय साठच्या पुढे, बीपीची गोळी, शुगर, एखाद्याची अँजिओप्लास्टी झालेली, आणि सामानात मेथीचे लाडू, डिंक, बाळंतविड्याचं सगळं काही पण इन्शुरन्स मात्र एजंटने "काकू, हा घ्या, सगळ्यात स्वस्त" म्हणून दिलेला.

या वयाच्या पॉलिसीत तीन गोष्टी बघायच्या.

पहिली सब-लिमिट. वरती लिहिलेलं असतं एक लाख डॉलर, पण आत एक तक्ता असतो, साठीच्या पुढच्यांसाठी खोलीचं भाडं दिवसाला इतकंच, आयसीयू इतकंच, सर्जनची फी इतकीच, भूल देणाऱ्याची इतकीच. म्हणजे एक लाखाची पॉलिसी असून प्रत्यक्षात प्रत्येक खर्चाच्या डोक्यावर एक छोटी टोपी बसवलेली असते आणि वरचे पैसे खिशातून. सब-लिमिट नसलेले प्लॅन मिळतात, महाग असतात, पण मिळतात. एजंटला थेट विचारा, "सिनियरसाठी सब-लिमिट आहे का, तक्ता पाठवा." तक्ता पाठवायला टाळाटाळ केली तर दुसरीकडे जा.

दुसरी आधीपासूनचे आजार. भारतातल्या बऱ्याच पॉलिसीत बीपी-शुगरमुळे उद्भवलेला प्रसंग जिवावर बेतला तरच, तेही ठरावीक रकमेपर्यंत, धरतात. नेहमीची तपासणी, गोळ्या, डायलिसिस हे नाही. अमेरिकेतून घेतलेल्या व्हिजिटर इन्शुरन्समध्ये "ॲक्यूट ऑनसेट" नावाचा प्रकार असतो, म्हणजे जुना आजार अचानक, कुठलीही पूर्वसूचना न देता उसळला आणि ठरलेल्या तासांच्या आत उपचार घेतले तर. त्यालाही वयाची आणि रकमेची मर्यादा असते. दोन्ही प्रकारांत हा परिच्छेद शब्द न् शब्द वाचा, समजला नाही तर ओळखीच्या डॉक्टरला बरोबर बसवून वाचा, कारण आईबाबांच्या बाबतीत जे व्हायची शक्यता आहे ते नेमकं याच परिच्छेदात आहे.

तिसरी, अमेरिकेतला प्लॅन घेत असाल तर तो फिक्स्ड बेनिफिट आहे की कॉम्प्रिहेन्सिव्ह. फिक्स्ड स्वस्त असतो कारण तो प्रत्येक उपचाराला ठरलेली रक्कम देतो, खरं बिल कितीही असो. कॉम्प्रिहेन्सिव्हमध्ये डिडक्टिबल (बिलातली सुरुवातीची ठरलेली रक्कम) तुम्ही भरता आणि मग वरच्या बिलाचा मोठा हिस्सा कंपनी देते, शिवाय हॉस्पिटलचं नेटवर्क असतं. मुलगा तिकडे राहतो तर त्याने घराजवळचं कुठलं हॉस्पिटल आणि कुठलं अर्जंट केअर (किरकोळ दुखण्याचं क्लिनिक) नेटवर्कमध्ये आहे ते आधीच बघून ठेवावं, रात्री दोन वाजता शोधायची वेळ येऊ नये.

भारतातून घ्यायचा की अमेरिकेतून, हे भांडण घराघरात होतं. माझं मत असं की तब्येत ठणठणीत असेल तर भारतातला सब-लिमिट नसलेला प्लॅन चालतो, पण हृदयाचा किंवा शुगरचा इतिहास असेल तर अमेरिकेतला कॉम्प्रिहेन्सिव्ह बघावा, तिकडच्या हॉस्पिटलला त्या कंपनीशी बोलायची सवय असते आणि आईबाबांना फोनवर ताटकळावं लागत नाही. भारतातला घ्यायचा तर निघायच्या आधीच घ्या, पोचल्यावर बहुतेक कंपन्या देत नाहीत. मुक्काम वाढणार असेल तर मुदत संपायच्या आधीच वाढवून मागा, एक दिवस जरी मध्ये सुटला तरी नव्याने सुरुवात, आणि मधल्या काळात झालेलं काहीही मग जुना आजार धरलं जातं.

ग्रुप टूरने जाणाऱ्या ज्येष्ठांनी पण हे विचारा. टूर कंपनी पॅकेजमध्ये इन्शुरन्स देते, पण किती रकमेचा आणि किती वयापर्यंतचा, आणि टूरच्या आधी-नंतर चार दिवस मुलाकडे राहणार असाल तर ते दिवस त्यात आहेत का.

पायरी ४: फॉर्म भरताना काहीही लपवू नका

एजंट सांगतो, "बीपी टाकू नका, प्रीमियम वाढतो." टाका. क्लेम आला की कंपनी भारतातले जुने कागद मागवते, नेहमीच्या डॉक्टरची चिठ्ठी मागते, आणि लपवलेलं निघालं तर क्लेम गेला. दररोज घेत असलेल्या सगळ्या गोळ्यांची नावं फॉर्मवर लिहा, आयुर्वेदिक पण. गरोदर असाल तर बाळंतपण आणि त्यासंबंधीचा खर्च बहुतेक पॉलिसीत वगळलेला असतो, हे आधीच माहीत असू द्या. फॉर्मवर नाव, जन्मतारीख पासपोर्टवर आहे तशीच, एक स्पेलिंग चुकलं तरी तिकडे घोळ होतो.

पायरी ५: बॅग, उशीर, कॅन्सल

हे थोडक्यात. बॅग उशिरा आली तर पॉलिसी कपडे-टूथब्रश अशा गरजेच्या वस्तूंचे पैसे देते, बिलं ठेवा, आणि भारतात परत येताना उशीर झाला तर बहुतेक पॉलिसी काही देत नाहीत. सोनं, रोकड, लॅपटॉप चेक-इनमध्ये टाकू नका, ते वगळलेलं असतं.

एअरलाइनची जबाबदारी वेगळी आहे आणि ती लोक विसरतात. माँट्रियल करारानुसार (भारत त्यात २००९ मध्ये आला) आंतरराष्ट्रीय प्रवासात बॅग हरवली, खराब झाली किंवा उशिरा आली तर एअरलाइन प्रत्येक प्रवाशाला १,५१९ एसडीआरपर्यंत (एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशोबाचं एकक) देणं लागते, ही मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासून वाढली, रुपयांत साधारण पावणेदोन लाखांच्या आसपास. विमानतळ सोडायच्या आधी एअरलाइनच्या बॅगेजच्या काउंटरवर प्रॉपर्टी इर्रेग्युलॅरिटी रिपोर्ट (बॅगेच्या तक्रारीची लेखी नोंद) घ्या. बॅग फुटली असेल तर लेखी तक्रार सात दिवसांत, उशिरा मिळाली असेल तर मिळाल्यापासून २१ दिवसांत.

१६ एप्रिल २०२४ ला दुबईत पाऊस झाला आणि विमानतळाचं काम काही दिवस विस्कळीत होतं, आपल्याकडचे खूप लोक तिथे अडकले. अशा वेळी हॉटेल आणि नवीन तिकिटाचा खर्च हा मोठा विषय होतो, तेव्हा पॉलिसीत फ्लाइटच्या उशिरासाठी किती तासांनंतर पैसे सुरू होतात (सहा की बारा) आणि खराब हवामान हे कारण धरलंय का ते बघून घ्या. कॅन्सलेशन कव्हर म्हणजे मन बदललं तर पैसे परत असं नाही, त्यात कारणांची यादी असते. व्हिसा नाकारला जाणं त्या यादीत बहुधा नसतं, काही कंपन्या ते वेगळं देतात. पण व्हिसा नाकारल्याचं पत्र दाखवलं तर न वापरलेल्या पॉलिसीचा प्रीमियम बहुतेक कंपन्या परत देतात, तेव्हा व्हिसाच्या आधी पॉलिसी काढायला घाबरू नका.

वर्षाला चार वेळा ऑफिसच्या कामाने जाणाऱ्यांनी वार्षिक मल्टी-ट्रिप पॉलिसी बघावी, फक्त प्रत्येक ट्रिपला दिवसांची मर्यादा असते, तीस, पंचेचाळीस असं काहीतरी.

पायरी ६: निघायच्या आधीची संध्याकाळ

पॉलिसीसोबत कस्टमर इन्फर्मेशन शीट नावाचा छोटा गोषवारा येतो, काय आहे आणि काय नाही ते सोप्या भाषेत, ती वाचा आणि प्रिंट काढा. पॉलिसी नंबर आणि मदतीचा आंतरराष्ट्रीय फोन नंबर एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून आईच्या पर्समध्ये आणि बाबांच्या पाकिटात ठेवा, मोबाइलमध्ये असतोच पण पडलेल्या माणसाचा मोबाइल दुसऱ्याला उघडता येत नाही. त्याच कागदावर रक्तगट, गोळ्यांची नावं, ॲलर्जी, आणि भारतातल्या व तिकडच्या एकेका नातेवाइकाचा नंबर. भारतातला टोल-फ्री नंबर बाहेरून लागत नाही, म्हणून परदेशातून लागणारा नंबर कुठला तो निघायच्या आधी एकदा फिरवून बघा. गोळ्या मूळ पाकिटात आणि डॉक्टरच्या चिठ्ठीसह, संपूर्ण मुक्कामाला पुरतील एवढ्या.

आणि घरात एका माणसाला पॉलिसीची फाइल ईमेल करून ठेवा. वाईट बोलतोय पण बोलायला पाहिजे, परदेशात कुणाचं निधन झालं तर मृतदेह भारतात आणायचा खर्च आणि कागदपत्रं फार असतात, वकिलातीची ना-हरकत, मृत्यूचा दाखला, एम्बामिंगचं (मृतदेह टिकवण्याच्या प्रक्रियेचं) सर्टिफिकेट. पॉलिसीत हे कव्हर असेल तर कंपनीची मदत करणारी एजन्सी हे सगळं बघते, फक्त पॉलिसी आहे हे घरच्यांना माहीत हवं.

पायरी ७: तिकडे काही झालंच तर

जीव धोक्यात असेल तर आधी ॲम्ब्युलन्स, अमेरिकेत ९११, युरोपात ११२, इंग्लंडमध्ये ९९९. इन्शुरन्सचा विचार नंतर. बाकी सगळ्या वेळी हॉस्पिटलला जाण्याआधी किंवा पोचल्या पोचल्या मदतीच्या नंबरवर फोन. भरती झाल्यावर किती तासांत कळवायचं ते पॉलिसीत असतं, बरेचदा २४ तास. फोनवर जो रेफरन्स नंबर देतील तो लिहून घ्या, बोलणाऱ्याचं नाव आणि वेळ पण. हॉस्पिटलला सांगा की कॅशलेससाठी कंपनीकडून हमीपत्र मागवा.

किरकोळ असेल, ताप किंवा जुलाब, तर इमर्जन्सीत न जाता साध्या क्लिनिकमध्ये जा, अमेरिकेत अर्जंट केअर. इमर्जन्सीचं बिल कितीतरी पट असतं आणि डिडक्टिबलही बरेचदा वेगळं असतं.

निघताना हे कागद घेतल्याशिवाय हॉस्पिटल सोडू नका: डिस्चार्जचा कागद, तपशीलवार बिल (एकच एकूण आकडा असलेलं चालत नाही), पैसे भरल्याची पावती, प्रिस्क्रिप्शन, रिपोर्ट. पासपोर्ट किंवा सामान चोरीला गेलं असेल तर पोलिसांचा रिपोर्ट. बोर्डिंग पास आणि पासपोर्टवरचे शिक्के जपून ठेवा, प्रवासात होतात याचा तोच पुरावा.

पायरी ८: क्लेम अडकला तर

नाकारला तर कारण लेखी मागा आणि पॉलिसीतलं कुठलं कलम लावलं ते विचारा. मग त्याच कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा, सोबत सगळे कागद. आयआरडीएआय या विमा नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवर पण तक्रार नोंदवता येते. एक महिना थांबूनही उत्तर नाही आलं किंवा आलेलं पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जा, मुंबईत आणि पुण्यात ऑफिस आहे. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचा विषय ते ऐकतात, आणि नाकारल्यापासून एक वर्षाच्या आत जायला लागतं. अर्ज साध्या भाषेत लिहिला तरी चालतो, फक्त तारखा क्रमाने लावा: पॉलिसी कधी घेतली, काय झालं, कुणाला कधी फोन केला, रेफरन्स नंबर काय, कधी नाकारलं. वरच्या पायऱ्यांमध्ये लिहून ठेवायला सांगितलेलं सगळं इथे कामाला येतं, आणि तुम्ही क्लेमसाठी पाठवलेल्या प्रत्येक कागदाची एक प्रत स्वतःकडे ठेवली असेल तर अर्ज एका दुपारी लिहून होतो.